राखी, मुलाकात आणि सुटकेचा अर्ज

यंदाच्या अंकाचा विषय ‘शत्रू’ ठरला आणि त्यातला सर्वांत अवघड धागा संपादकांनी माझ्याकडे दिला. शत्रूवर प्रेम करा, छळणाऱ्यांसाठी प्रार्थना करा, ही ख्रिस्ताची शिकवण आजच्या हिंसक जगात कुणी खरोखर पाळतं का, आणि पाळतं म्हणजे नेमकं काय करतं, हे बघून लिहा, असं त्यांचं म्हणणं होतं.

डोंगरावरील प्रवचनावर लिहिलेलं भरपूर वाचायला मिळतं. मला माणसं हवी होती. ज्यांच्या घरातलं कुणी मारलं गेलं आणि मारणाऱ्याशी पुढे ती कशी वागली, हे सगळ्यांसमोर घडलं, नोंदलं गेलं, अशी माणसं. त्यासाठी रोमला किंवा जेरुसलेमला जायची गरज नव्हती. श्रावणात मी इंदूरची गाडी पकडली.

नाचनबोरचा घाट

इंदुरात मराठी माणसाला परकं वाटत नाही. होळकरांच्या राजवाड्यासमोर राख्यांच्या गाड्या लागल्या होत्या आणि भाव करणाऱ्या बायकांत दोघी-तिघी चक्क मराठीत भांडत होत्या. मी उतरले होते ती मंडळी रामबागेतली, चार पिढ्यांपासूनची इंदूरकर. उदयनगरला निघालेय म्हटल्यावर घरातल्या काकूंनी पोळीभाजीचा डबा दिला आणि विचारलं, “त्या सिस्टरच्या गावाला?” खुनाला तीस वर्षं झाली, तरी गावाची ओळख तीच राहिली आहे.

उदयनगर देवास जिल्ह्यात येतं. शहर मागे पडलं की दोन्ही बाजूंना सोयाबीन सुरू होतं. माळव्याची काळी, सपाट जमीन बराच वेळ साथ देते, मग विंध्याच्या टेकड्या येतात, सागाचं जंगल लागतं आणि रस्ता वळणं घेऊ लागतो. बसमध्ये युरियाची पोती होती, दोन शेरडं होती, पायात चांदीची जाड कडी घातलेल्या भिलाला आणि बारेला बायका होत्या. माझ्या शेजारच्या बाईच्या कनवटीला प्लॅस्टिकच्या पिशवीची घडी होती. तिने ती दोनदा काढून तपासली आणि परत खोचली. आत बँकेचं पासबुक होतं, कोपरे झिजलेलं, रबराने बांधलेलं. या पासबुकाकडे मला पुन्हा यायचं आहे.

याच रस्त्यावर, उलट दिशेने, २५ फेब्रुवारी १९९५ला सकाळी सिस्टर राणी मारिया इंदूरला निघाल्या होत्या. तिथून पुढे त्या केरळात, माहेरी जाणार होत्या. वय एक्केचाळीस. बस भरलेली होती. समंदरसिंह नावाचा तरुण त्याच बसमध्ये होता. नाचनबोरच्या टेकडीपाशी बस थांबली, तो खाली उतरला, दगडावर नारळ फोडला आणि आत येऊन प्रवाशांना खोबरं वाटलं, असं त्या सकाळबद्दल सांगतात. नंतर त्याने सुरा काढला. सिस्टरना बसबाहेर ओढून तो वार करत राहिला. शरीरावर चोपन्न जखमा मोजल्या गेल्या. बसमधलं कुणी मध्ये पडलं नाही.

घाटात आमची बस चढण चढताना गुरगुरत होती. रस्ता आता रुंद झाला आहे. मी खिडकीतून बघत राहिले. हिरवं, दाट, श्रावणातलं कुठलंही जंगल असतं तसंच ते जंगल होतं.

दीडीचा हिशोब

राणी मारिया यांचा जन्म २९ जानेवारी १९५४चा, केरळातल्या एर्नाकुलम जिल्ह्यातल्या पुल्लुवळी गावचा. घर शेतकऱ्याचं, वडील पैली, आई एलिश्वा. फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट या संघात त्या दाखल झाल्या आणि उत्तर भारतात आल्या. आधी उत्तर प्रदेशात बिजनौर, मग मध्य प्रदेशात सतना धर्मप्रांत, आणि १९९२पासून उदयनगर. धाकटी बहीण सेल्मी पॉल याही त्याच संघात जोगीण झाल्या.

एखाद्या बाईला इतक्या क्रूरपणे मारावंसं का वाटतं, हे समजायला आधी उसनवारी समजायला हवी. आदिवासी शेतकऱ्याकडे पेरणीच्या तोंडावर बियाणं नसतं. सावकार देतो. एक पोतं दिलं तर सुगीला सव्वा पोतं परत करायचं, ती सवाई. दीड पोतं, ती दीडी. महाराष्ट्राच्या खेड्यांतही हे शब्द जुन्या माणसांच्या तोंडी अजून आहेत. धान्याचा भाव लावणार सावकार, माप त्याचं, आणि वहीही त्याचीच. मधे कुणी आजारी पडलं, लग्न निघालं, की नवी उचल. मग चांदीची कडी गहाण पडतात, त्यानंतर शेत. अंगठा आधी उमटवायचा, कागदावरचा मजकूर नंतर भरला जातो. पीक निघतं तेव्हा ते आधीच दुसऱ्याचं झालेलं असतं आणि पुढच्या पेरणीला शेतकरी पुन्हा त्याच ओट्यावर हात पसरून उभा राहतो. घरातला एखादा मुलगा कर्जापोटी मालकाच्या गुरांमागे गेला तर तोही याच हिशोबात धरला जातो.

राणी मारियांनी या साखळीची एकेक कडी सुटी करायला घेतली. गावोगाव पायी जाऊन बायकांना थोडी थोडी बचत करायला शिकवलं. बँकेकडून कर्ज मिळतं, सरकारच्या योजना असतात, त्यांचा अर्ज कुठे करायचा आणि साहेब नाही म्हणाले तर पुढे कुणाकडे जायचं, हे समजावलं. अंगठ्याच्या जागी सही शिकवली. या कामात शौर्य दिसत नाही, पण ज्याच्या वहीतून दरवर्षी दहा-वीस कुटुंबं गळू लागतात त्याला त्याचा अर्थ बरोबर कळतो. त्यांना धमक्या येऊ लागल्या आणि त्या थांबल्या नाहीत.

शेजारच्या बाईला मी विचारलं, पासबुक कशाला काढलंस? “खात्यात पैसे आले का बघायचं,” ती तिच्या बोलीत म्हणाली, आणि लाजून हसली. राणी मारिया तिने पाहिलेल्या नव्हत्या. सासूने पाहिल्या होत्या.

कॅथलिक चर्चने ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदुरात मोठ्या सोहळ्यात राणी मारिया यांना धन्य घोषित केलं. श्रद्धेच्या द्वेषातून मारलं गेलेलं माणूस, हुतात्मा, अशी त्यांची नोंद झाली. मग खून श्रद्धेपायी झाला की सावकारीपायी, असा वाद घालणारे आहेत. मला हा वाद पोकळ वाटतो. ही बाई गरिबांच्या दारात जात होती ती ख्रिस्ताने सांगितलं म्हणून, आणि सावकाराच्या आड आली ती गरिबांच्या दारात गेल्यामुळे. यातला एक धागा सोडवून बाजूला काढता येत नाही.

जाळीच्या अलीकडे

समंदरसिंहाला जन्मठेप झाली. गावातल्या बड्या माणसांनी आपल्याला भरीला घातलं आणि नंतर वाऱ्यावर सोडलं, असं त्याने पुढे अनेक मुलाखतींत सांगितलं. तुरुंगात तो एकच गोष्ट घोळवत होता : सुटलो की त्यांना संपवायचं. म्हणजे एका खुनाच्या पोटात दुसरा खून वाढत होता. त्याचे दिवस मोजणारं किंवा त्याच्या भेटीला येणारं फारसं कुणी नव्हतं.

आले ते स्वामी सदानंद. हे मूळचे केरळचे, सीएमआय संघाचे कॅथलिक धर्मगुरू. राहणी मात्र संन्याशाची, अंगावर भगवी वस्त्रं, मुक्काम मध्य प्रदेशातल्या गरीब वस्त्यांत. त्यांनी या कैद्याला भेटायला सुरुवात केली.

तुरुंगातली मुलाकात ज्यांनी अनुभवली आहे त्यांना ठाऊक आहे, की तिथे गंभीर बोलणं जवळपास अशक्य असतं. दारावर नाव नोंदवायचं, ओळखपत्र दाखवायचं, पिशवी उघडून दाखवायची, पुकारा होईपर्यंत उन्हात थांबायचं. आत जाळी असते. जाळीच्या दोन्ही बाजूंनी एकाच वेळी वीस-पंचवीस माणसं ओरडून बोलत असतात. वकिलाने किती मागितले, आईच्या गुडघ्याचं काय झालं, जामीन का अडला. वेळ संपली की शिपाई हाक मारतो. अशा गोंगाटात कुणाच्या मनातला सूड एका भेटीत निवत नाही. पुन्हा जावं लागतं, पुन्हा नाव नोंदवावं लागतं. स्वामी जात राहिले, समोरचा माणूस ऐकायच्या मनःस्थितीत नसतानाही.

खुनाला सात वर्षं झाल्यावर, २००२च्या ऑगस्टमध्ये, राखीच्या दिवसांत, सिस्टर सेल्मी तुरुंगात गेल्या आणि बहिणीला मारणाऱ्याच्या मनगटावर त्यांनी राखी बांधली. त्याला भाऊ म्हटलं.

राखीपौर्णिमेला मध्य प्रदेशातल्या तुरुंगांत बहिणींची रीघ लागते. त्या दिवशी नियम थोडे सैल होतात, जाळी बाजूला राहते, मिठाईचा तुकडा तोंडात घालता येतो. ज्याच्याकडे कुणी येत नाही त्याच्यासाठी वर्षातला हाच दिवस सर्वांत कठीण असतो. सेल्मींनी नेमका हा मुहूर्त घेतला, हे मला फार मोलाचं वाटतं. ख्रिस्ती जोगिणीने एका हिंदू कैद्याला क्षमा केली ती त्याला कळेल अशा रीतीने, त्याच्याच घरातल्या विधीने. बायबलमधलं वचन ऐकवून तिला मोकळं होता आलं असतं. तिने धागा बांधला, आणि धागा बांधला की नातं दरवर्षी निभवावं लागतं.

सात वर्षं का लागली, असं विचारणाऱ्यांना मी उलट विचारेन, की सात वर्षांत तरी कसं जमलं? त्याचं काही उत्तर या बायकांच्या दिनक्रमात आहे. प्रभूची प्रार्थना म्हणून जी ओळखली जाते ती त्या रोज, दिवसातून अनेकदा म्हणतात. त्यात स्वतःसाठी मागितलेली क्षमा दुसऱ्याला केलेल्या क्षमेशी बांधलेली आहे. पहिली हवी तर दुसरी टाळता येत नाही. बहुतेक वेळा हे शब्द सवयीने म्हटले जात असणार, जसे आपण तिन्हीसांजेला काही म्हणतो. पण सकाळ-संध्याकाळ तेच म्हणायचं आणि मनात एक नाव सोडून, हे सात वर्षं रोज करत राहणं सोपं नसावं.

आई एलिश्वा यांनी त्याही पुढचं पाऊल उचललं. त्यांनी समंदरसिंहाचे हात हातात घेऊन त्यांचं चुंबन घेतलं, कारण आपल्या लेकीचं रक्त या हातांना लागलेलं आहे. हे वाक्य लिहिताना माझा हात थांबतो. यात मायेइतकंच दुःख आहे, आणि खून झालाच नाही असं मानण्याचा अंशही नाही. रक्त लागलंय हे त्या हातांना धरूनच सांगितलं गेलं.

संध्याकाळी रामबागेत परतले तेव्हा काकूंना हे सगळं सांगितलं. त्या भाजी निवडत होत्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “मला नसतं जमलं ग. आणि मला नाही जमलं म्हणून कुणी मला नावंही ठेवू नयेत.” काकूंचं हे दुसरं वाक्य मी पुढच्या सगळ्या वाचनात सोबत ठेवलं.

राज्यपालांकडचा कागद

क्षमा मनात झाली तरी जन्मठेप कागदावर असते. फाशीची शिक्षा होऊ शकणाऱ्या गुन्ह्यात जन्मठेप झाली, तर किमान चौदा वर्षं प्रत्यक्ष आत काढल्याशिवाय सरकारला सूट देता येत नाही, अशी फौजदारी कायद्यातली तरतूद होती. संविधानाने राज्यपालांना दिलेला दयेचा अधिकार मात्र या अटीच्या पलीकडे पोचतो. तिथवर जायला अर्ज लागतो, तुरुंगाचा वर्तणुकीचा अहवाल लागतो, पोलिसांचं आणि जिल्हा प्रशासनाचं मत लागतं. मयताच्या घरच्यांची हरकत आहे का, हा प्रश्न प्रत्येक टेबलावर विचारला जातो. बहुतेक फायली याच प्रश्नापाशी अडतात, आणि अडणं न्याय्यही असतं.

या फाइलवर मयताच्या घरच्यांनीच सुटका मागितली होती. कुटुंबाने, संघाच्या वरिष्ठ सिस्टरनी आणि इंदूरच्या धर्मप्रांताने लेखी विनंती केली. २००६ साली समंदरसिंह सुटला, अटकेला बारा वर्षं व्हायच्या आत. पुढच्या वर्षी तो पुल्लुवळीला त्या घरी जाऊन आला. ज्यांना संपवायचं ठरवलं होतं त्यांच्या वाटेला तो गेला नाही. गावी शेती करू लागला. सेल्मी राखी बांधत राहिल्या आणि तो उदयनगरला समाधीशी जात राहिला. त्याच्यावर माहितीपट निघाला, पत्रकार आले, आणि विचारणाऱ्या प्रत्येकासमोर त्याने स्वतःचा गुन्हा न लपवता सांगितला.

माझ्या मते या सगळ्या हकिकतीतला सर्वांत ख्रिस्ती दस्तऐवज तो अर्ज आहे. मिठी मारताना डोळ्यांत पाणी येतं, त्या क्षणाला स्वतःचं बळ असतं. अर्ज थंड डोक्याने करावा लागतो. आपल्या लेकीचा खुनी उद्या बाजारात मोकळा फिरेल, याची पूर्ण जाणीव ठेवून खाली सही करावी लागते.

एक प्रश्न मात्र सुटत नाही. वार झेलले राणी मारियांनी. त्यांच्या वतीने क्षमा करण्याचा हक्क बहिणीला किंवा आईला कुणी दिला? मी यावर खूप विचार केला. मला वाटतं, तसा हक्क कुणालाच नाही, आणि सेल्मींनी तो घेतलाही नाही. बहीण गमावल्याची जखम त्यांची स्वतःची होती, आणि त्या जखमेपुरतं त्यांनी येणं सोडून दिलं. उरलेला हिशोब त्यांच्या श्रद्धेप्रमाणे देवाकडे आहे.

उदयनगरच्या चर्चमध्ये राणी मारियांची समाधी आहे. मी गेले तेव्हा ओल्या छत्र्या दाराशी टेकवून दोन कुटुंबं आत बसली होती. मुलं कुजबुजत होती, एक म्हातारा फरशीवर हात ठेवून नुसता बसला होता. थोड्या वेळाने तो उठला आणि बाजाराकडे निघून गेला.

बारीपदाची परिचारिका

राणी मारिया गेल्या त्याला चार वर्षंही झाली नव्हती, तेव्हा ओडिशात मनोहरपूरला जे झालं ते मराठी वाचकांना आठवत असेल. २२ जानेवारी १९९९ची रात्र. ग्रॅहम स्टेन्स हे ऑस्ट्रेलियन मिशनरी केओंझार जिल्ह्यातल्या त्या खेड्यात शिबिराला आले होते आणि दोन मुलांसह आपल्या गाडीत झोपले होते. फिलिप दहा वर्षांचा, तिमोथी सहा. मध्यरात्रीनंतर जमावाने गाडी पेटवली. तिघेही जळून गेले.

ग्लॅडिस स्टेन्स त्या रात्री मुलगी एस्थरसह बारीपद्याच्या घरी होत्या. त्यांनी काही दिवसांतच मारणाऱ्यांना माफ केल्याचं सांगितलं. जगभरच्या वर्तमानपत्रांनी तेवढं छापलं. पुढची पाच वर्षं त्या काय करत होत्या हे कमी छापलं गेलं. ग्रॅहम १९६५पासून ज्या मयूरभंज कुष्ठधामात काम करत होते, ते त्यांनी चालवलं. त्या शिकलेल्या परिचारिका होत्या.

कुष्ठधामातली सकाळ कशी जाते, हे आनंदवन किंवा तपोवन पाहिलेल्या आपल्याकडच्या माणसाला सांगायला नको. रोगाने संवेदना गेलेली असते, त्यामुळे पायात काटा रुतला तरी कळत नाही, चटका बसला तरी कळत नाही. रोज पाय कोमट पाण्यात भिजवायचे, मेलेली कातडी खरवडायची, तेल लावायचं, व्रण बघायचे, पट्टी बदलायची. जखम भरते, दुसरीकडे नवी होते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. ज्या मुलुखात नवरा आणि दोन मुलगे जाळले गेले, त्याच मुलुखातल्या माणसांच्या पायांशी ही बाई रोज बसत होती. २००४मध्ये त्या ऑस्ट्रेलियाला परतल्या. पुढच्या वर्षी भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली.

ग्लॅडिस यांची क्षमा आणि खटला या दोन गोष्टी शेवटपर्यंत वेगवेगळ्या चालल्या. आपण माफ केलं, कायद्याने आपलं काम करावं, अशी त्यांची भूमिका होती. मुख्य आरोपीला कनिष्ठ न्यायालयाने २००३मध्ये फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने २००५मध्ये ती जन्मठेपेवर आणली आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११मध्ये ती जन्मठेप कायम केली. त्या निकालांनी क्षमा पुसली नाही आणि क्षमेने निकाल अडवले नाहीत.

आर्चबिशप कोर्टात जातात

क्षमेचं कौतुक करताना मला सर्वांत जास्त भीती वाटते ती इथे. ज्याच्यावर अन्याय झाला त्याला ‘क्षमा कर’ असं सांगायला बाकीचे सगळे फार लवकर येतात. घर जळालेल्या माणसाला, तू ख्रिस्ती आहेस ना, मग तक्रार मागे घे, असं सांगता येतं. मार खाल्लेल्या बायकोला तिच्याच धर्मातलं वचन काढून परत नांदायला पाठवता येतं. ही क्षमा नाही, ही दुसरी मारहाण आहे.

क्षमा म्हणजे न्याय सोडून देणं नव्हे, हे कंधमाळमध्ये पाहायला मिळालं. ओडिशातल्या या जिल्ह्यात २३ ऑगस्ट २००८ रोजी स्वामी लक्ष्मणानंद सरस्वती यांचा त्यांच्या आश्रमात खून झाला. तो अत्यंत निंद्य होता. त्यानंतर आठवडेच्या आठवडे ख्रिस्ती वस्त्यांवर हल्ले झाले. माणसं मारली गेली, हजारो घरं आणि अनेक चर्चं जाळली गेली, लोक जंगलात पळाले आणि मग छावण्यांत राहिले.

कटक-भुवनेश्वरचे आर्चबिशप तेव्हा राफाएल चीनाथ होते. क्षमेचा उपदेश करणं हे त्यांचं कामच होतं, आणि ते सर्वोच्च न्यायालयात गेले. २ ऑगस्ट २०१६ला सरन्यायाधीश तीरथसिंह ठाकूर आणि न्यायमूर्ती उदय लळीत यांच्या खंडपीठाने निकाल दिला, त्यातले आकडे बोलके आहेत. ८२७ गुन्हे नोंदले गेले होते. ५१२ प्रकरणांत आरोपपत्रं दाखल झाली आणि ३१५ प्रकरणं पोलिसांनी पुराव्याअभावी वगैरे कारणांनी बंद केली. ज्या ३६२ खटल्यांचा निकाल लागला त्यांपैकी केवळ ७८ प्रकरणांत शिक्षा झाली. बंद केलेली प्रकरणं पुन्हा तपासा आणि नुकसानभरपाई वाढवा, असं न्यायालयाने सांगितलं. निकालानंतर बाराच दिवसांनी, १४ ऑगस्टला, चीनाथ यांचं मुंबईत निधन झालं.

क्षमा शिकवणारा आर्चबिशप आठ वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवतो यात मला विसंगती दिसत नाही. उदयनगरच्या प्रकरणातही आधी खटला चालला, शिक्षा झाली, ती भोगली गेली. दया त्यानंतर आली. गुन्हा घडला आणि तो अमक्याने केला, हे आधी कुणीतरी अधिकाराने म्हणावं लागतं. जिथे गुन्हाच नोंदला जात नाही, तिथे क्षमा करणाऱ्याला उभं राहायला जागाच नसते.

तलवार याच हातांनी उचलली होती

हे सगळं ख्रिस्ती धर्माचं जाहिरातपत्रक म्हणून कुणी वाचू नये. शत्रूवर प्रेम करायला सांगणाऱ्याच्या नावाने धर्मयुद्धं लढली गेली. गोव्यात १५६० साली इन्क्विझिशन आलं आणि मधली काही वर्षं सोडली तर १८१२पर्यंत टिकलं. घरातल्या जुन्या चालीरीती पाळल्या म्हणून माणसं कोठडीत गेली. कोकणात आणि गोव्यात आजही काही घराण्यांच्या देवांच्या कहाण्या स्थलांतराच्या आहेत, त्यांचं मूळ त्याच काळात आहे.

आणि त्याच परंपरेत फ्रान्सिसही आहे. १२१९ साली, पाचवं धर्मयुद्ध ऐन भरात असताना, असिसीचा हा भिक्षू इजिप्तमध्ये दमियेत्ताजवळ शत्रूची फळी ओलांडून सुलतान अल-कामिलला निःशस्त्र भेटायला गेला. सुलतानाने त्याचं ऐकून घेतलं आणि सुखरूप परत पाठवलं. युद्ध थांबलं नाही. सेल्मी आणि राणी मारिया यांचा संघ याच फ्रान्सिसचं आणि त्याची शिष्या क्लारा हिचं नाव लावतो. आठशे वर्षांपूर्वीची ती भेट आणि इंदूरच्या तुरुंगातली ती राखी यांच्यात मला सरळ रेघ दिसते. धर्मयुद्ध आणि इन्क्विझिशन यांचीही रेघ आहे. कुठली पुढे न्यायची, हे प्रत्येक पिढीतल्या ख्रिस्ती माणसाला ठरवावं लागतं, आणि ते त्याच्या शत्रूशी वागण्यावरूनच कळतं.

आपल्याकडेही पैठणच्या नाथांची गोष्ट आहे, पुन्हा पुन्हा थुंकणाऱ्यापुढे पुन्हा पुन्हा गोदावरीत उतरण्याची. म्हणून ही शिकवण मराठी कानाला परकी वाटायचं कारण नाही.

तुमच्या गावच्या तुरुंगाबद्दल

परतीच्या गाडीत मी स्वामी सदानंदांचा विचार करत होते. ते २०१६ साली गेले. राखीचं छायाचित्र सगळ्यांनी पाहिलं, पण त्याआधीच्या, कुणी न पाहिलेल्या त्यांच्या मुलाकातींशिवाय ते छायाचित्र निघालंच नसतं.

भारतातल्या तुरुंगांत जेवढी माणसं आहेत त्यांतले सुमारे तीन चतुर्थांश कच्चे कैदी आहेत, म्हणजे त्यांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा आहे. त्यांच्यातल्या कित्येकांच्या नावाचा मुलाकातीसाठी महिनोन्‌महिने पुकारा होत नाही. घरचे लांब असतात, गाडीभाडं परवडत नाही, किंवा घराने नाव टाकलेलं असतं. तुरुंगांवर अशासकीय अभ्यागत नेमायची तरतूद नियमांत आहे. प्रत्येक जिल्ह्यात विधी सेवा प्राधिकरण असतं, त्यांना वकिलांबरोबर स्वयंसेवकही लागतात. ‘प्रिझन मिनिस्ट्री इंडिया’सारख्या ख्रिस्ती संस्था कैद्यांना भेटायचं काम वर्षानुवर्षं करत आहेत. या कामाला ख्रिस्ती असावं लागत नाही.

या अंकाच्या वाचकांत निवृत्त शिक्षक असतील, वकील असतील, दुपारचे चार तास मोकळे असलेल्या बायका असतील. दिवाळी संपली की एकदा आपल्या जिल्ह्याच्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जा आणि विचारा, की मुलाकातीला कुणीच येत नाही अशा कैद्यांसाठी मला काय करता येईल. परवानगीला वेळ लागेल, एक-दोन खेपा वाया जातील. तरी पुन्हा जा.